नऊ नारळ आणि वॉशरचा पंप

मी गेली चोवीस वर्षं पॉलिटेक्निकात इलेक्ट्रिकल शिकवतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे सांगणार आहे त्यावरून कुणाचाही तसा समज होणार नाही. फळ्यावर मी कुठलंही सर्किट डोळे मिटून काढतो. ही बॅटरी, हा रोध, हा दिवा, बाण इकडून तिकडे, आणि दिवा लागला. फळ्यावरचा दिवा माझ्या हातून आजवर कधी विझलेला नाही. घरातली ट्यूब गेली की मात्र बायको स्टुलावर चढते आणि मी खाली स्टूल धरतो.

आमची गाडी पांढरी, छोटी, नऊ वर्षांची. मी गाडी शिकलो तेव्हा अडतीस वर्षांचा होतो आणि लायसन्स मला दुसऱ्या खेपेला मिळालं. तेव्हापासून मी ती इतक्या जपून चालवतो की नंदनवन वस्तीतल्या आमच्या गल्लीत सायकलवाले मला हात दाखवून पुढे निघून जातात. कॉलेजला मी स्कूटरने जातो. गाडी रविवारी धुवायची, लग्नाकार्याला काढायची आणि दसऱ्याला पुजायची.

पूजेचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळं प्रकरण तिथून सुरू होतं. दसऱ्याला घरातल्या देवांचं बायको बघते, गाडी माझ्याकडे. हळद-कुंकू, झेंडूची माळ, चारी चाकांवर पाणी आणि मग नारळ. बाकीचे लोक नारळ गाडीसमोर दगडावर फोडतात आणि मोकळे होतात. मला ते अपुरं वाटायचं. सगळं काम बिचारं इंजिन करतं आणि मान मात्र बंपरला, हे काही मला पटायचं नाही. म्हणून मी बॉनेट उघडायचो आणि फुटलेल्या नारळातलं पाणी आत थोडं ओतायचो. अंदाधुंद नाही. बॅटरीवर पडलं तर घोटाळा होईल एवढी अक्कल मला होती, शेवटी इलेक्ट्रिकलचा माणूस. त्यामुळे बॅटरीपासून सगळ्यात लांबचा, उजव्या हाताचा पुढचा कोपरा मी त्यासाठी कायमचा नेमून ठेवला होता. दर दसऱ्याला त्याच कोपऱ्यात करवंटी रिकामी करायची आणि मनातल्या मनात म्हणायचं, सांभाळून घे. असे नऊ दसरे झाले, नऊ नारळ झाले.

आता बायकोबद्दल. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे, बावीस वर्षं नोकरी झाली. माहेर कुही गावाकडचं, घरी धानाची शेती. पंधराव्या वर्षी ती बापाचा ट्रॅक्टर चिखलात घालून चिखलणी करायची. ही गोष्ट लग्न ठरवताना आमच्या घरापासून लपवून ठेवली होती आणि लग्नानंतर दोन महिन्यांनी तिनेच ती हसत हसत फोडली. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कारकुनी. माझ्या घरच्यांनी ट्रॅक्टर फक्त कॅलेंडरवर पाहिलेला.

गेल्या वर्षी तिची बदली कुहीच्याही पुढच्या एका लहान गावात झाली. सकाळी सहाला घर सोडायचं. मी तिला स्कूटरवर बसच्या थांब्यावर सोडायचो. तिथून कुहीपर्यंत बस, पुढे एखादी काळीपिवळी जीप भरलीच तर फाट्यापर्यंत, आणि फाट्यापासून गावापर्यंत तीन किलोमीटर पायी. संध्याकाळी हेच उलट. पावसाळा संपेपर्यंत तिच्या डाव्या गुडघ्याला सूज आली ती उतरेचना. डॉक्टरांनी चालणं कमी करा सांगितलं, ते तिने ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन किलोमीटर चालून गेली.

दिवाळीच्या सुट्टीत तिने मला समोर बसवून सांगितलं. रोज घरी उभी असणारी गाडी ती घेऊन जाईल. नाहीतर संक्रांतीपर्यंत वाट पाहील आणि स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज देईल, कारण या पायाने आणखी एक पावसाळा निघणार नाही. आवाज चढवला नाही, रडली नाही. मला तिची शाळा ठाऊक आहे. तिची बदली झाली तरी आधीच्या शाळेतली पोरं अजून तिला फोन करतात, पाढे म्हणून दाखवतात. नोकरी सोडणं म्हणजे तिच्यासाठी काय, हे मला कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

त्या सुट्टीतच तिने सक्करदऱ्याच्या एका मोटर ट्रेनिंगवाल्याकडे नाव घातलं. तिसऱ्या दिवशी तो तिला म्हणाला, मॅडम, तुम्ही आधी काहीतरी चालवलेलं आहे. लायसन्स तिला पहिल्याच खेपेला मिळालं.

मग एका रविवारी आम्ही सरावाला म्हणून कुहीच्या रस्त्याला निघालो. ती चालवत होती, मी डावीकडे बसून दोन्ही पायांनी नसलेला ब्रेक दाबत होतो. रस्त्याचं रुंदीकरण चाललेलं, धूळ बसावी म्हणून टँकरने पाणी मारलेलं, त्यामुळे धुळीचा सगळा चिखल झालेला. समोरून एक ट्रक गेला आणि आमची अख्खी काच लेपून गेली. तिने काचेवर पाणी मारणाऱ्या वॉशरची दांडी ओढली. वायपर फिरले, पाणी मात्र आलं नाही. कोरड्या वायपरने चिखल काचभर सारवून दिला आणि समोरचा रस्ता दिसेनासा झाला.

मी त्या वेळी काय म्हणालो ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण त्यात तीन-चार देवांची नावं होती. तिने इंडिकेटर दिला, बाजूच्या खिडकीतून रस्त्याची कड पाहत गाडी हळूच डावीकडे घेतली, उतरली, प्यायच्या बाटलीतलं पाणी काचेवर ओतलं आणि ओढणीने पुसलं. मग परत बसून म्हणाली, चला.

घरी आल्यावर मी जाहीर केलं, की वॉशर नीट झाल्याशिवाय ही गाडी त्या रस्त्यावर जाणार नाही. तिला ते लगेच पटलं. पटण्यासारखंच होतं. मग ती अगदी सरळपणे म्हणाली, नीट करा मग, तुम्ही तर इलेक्ट्रिकलचेच आहात.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागलो. आधी फ्यूज पाहिला. तो शाबूत होता, पण शाबूत फ्यूज पाहून माझं समाधान झालं नाही म्हणून नवा घातला. मग दांडी ओढून बॉनेटपाशी कान लावला. पंप चालला तर बारीक घरघर यायला हवी, ती येत नव्हती. मात्र आणखी एक गोष्ट दिसली. दांडी ओढली की उजवा हेडलाइट मंद व्हायचा. आणि हॉर्न गेल्या काही दिवसांपासून सर्दी झाल्यासारखा वाजत होता. मी फ्यूजच्या डबीतले शेजारशेजारचे दोन रिले, म्हणजे विजेचे छोटे स्विच, अदलाबदल करून पाहिले, तर हॉर्न पूर्णच बंद झाला. जागच्या जागी परत लावले तेव्हा तो परत आला, पण आधीपेक्षाही घोगरा, किंवा मला तसं वाटलं.

शेवटी कॉलेजच्या प्रयोगशाळेतला मल्टिमीटर रीतसर नोंद करून घरी आणला. पंप वॉशरच्या टाकीच्या तळाशी असतो, त्याच्यापर्यंत पोचायला मला पुढचं चाक वळवून, त्यामागचं प्लॅस्टिक सोडवून, जमिनीवर उताणं पडावं लागलं. पंपाच्या दोन वायरींच्या जोडणीचं कपलर काढलं, त्यात मीटरच्या दोन काड्या लावल्या आणि बायकोला आत बसून दांडी ओढायला सांगितलं. मीटरवर बारा व्होल्ट आले. मी उताण्याउताण्याच निकाल दिला. वीज येते आहे, पंप फिरत नाही, म्हणजे पंप मेला.

नवा पंप आणला. जुना ओढून काढताना टाकी आधी रिकामी करायची असते हे माझ्या लक्षात राहिलं नाही, त्यामुळे शाम्पूचं चार लिटर पाणी माझ्या शर्टातून वाहत फाटकाबाहेर गेलं. समोरच्या घरातले निवृत्त काका पेपर बाजूला करून हे पाहत होते. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की गाडी धुतली का मी धुतलो. नवा पंप बसवला, टाकी भरली, दांडी ओढली. वायपर फिरले, हेडलाइट मंद झाला, पाणी आलं नाही.

इथे थांबून कबूल करायला हवं. उघड्या सर्किटवर व्होल्टेज पूर्ण दिसतं आणि भार लावल्यावरच त्याची खरी लायकी कळते, हे मी दर वर्षी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना पहिल्या महिन्यातच शिकवतो. त्यावर परीक्षेत प्रश्न काढतो. चुकणाऱ्यांचे गुण कापतो, आणि समासात शेराही मारतो.

आठवडाभराने मी गाडी सक्करदऱ्याच्या एका मिस्त्रीकडे नेली. गाड्यांचं वायरिंग करणारा, साठीच्या पुढचा माणूस, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मी त्याला माझं निदान सविस्तर ऐकवलं, मीटरचं वाचन सांगितलं, नवा पंपसुद्धा बहुधा सदोष निघाला आहे असं सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि खिशातून एक छोटा बल्ब काढला. बल्बाला दोन वायरी, वायरींना दोन चिमटे, बस.

"सर, मीटरले भूकच नसते," तो म्हणाला. "ते काय सांगन, पोट भरते का नाही? बल्ब लावून पाहा. त्याले खायले लागते."

त्याने बल्ब कपलरला लावला आणि मला दांडी ओढायला लावली. बल्ब लागला न लागल्यासारखा, विझत आलेल्या उदबत्तीएवढा. मग त्याने एक चिमटा काढून थेट बॅटरीच्या काळ्या टोकाला लावला. बल्ब लख्ख पेटला. मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलंही नाही. करंट येऊन राहिला पण परत जाऊन नाही राहिला, अर्थिंग गेली, एवढं म्हणून त्याने बॉनेटच्या उजव्या पुढच्या कोपऱ्यात बोट घातलं.

तिथे गाडीच्या पत्र्याला एक बोल्ट होता आणि त्या बोल्टाखाली तीन-चार काळ्या वायरी एकत्र कसलेल्या होत्या. वॉशरची, हॉर्नची, उजव्या हेडलाइटची. बोल्टावर हिरवट-पांढरा थर चढलेला आणि त्या थरातून लाल मुंग्यांची एक ओळ अगदी शिस्तीत खाली कपलरकडे चाललेली. मिस्त्रीने बोटाचा वास घेऊन पाहिला आणि विचारलं, "इथं गोड काहून सांडलं?"

मी म्हणालो, काय की. तो म्हणाला, दसऱ्याले नारळ इथं फोडता काय? मी गाडीभोवती एक फेरी मारून आलो. नऊ वर्षं ज्या कोपऱ्याला मी सांभाळून घे म्हणत होतो, तोच कोपरा नऊ वर्षं माझ्या हातून सडत होता, आणि तोही मी विचारपूर्वक निवडलेला.

मिस्त्री म्हणाला, दहा मिनिटांचं काम आहे. बोल्ट खोलायचा, पॉलिश पेपर मारायचा, मुंग्या झाडायच्या, परत कसायचा, वरून ग्रीस. करून देऊ? मी म्हणालो, नको, घरी करीन. त्याने काहून म्हणून विचारलं. आपलं काम आपण केलेलं बरं असतं, असं काहीतरी मी बोललो. त्या क्षणी मला खरंच वाटलं, की हा माझा स्वाभिमान आहे.

घरी आलो. बायकोने फाटक उघडलं आणि विचारलं, समजलं काय? आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, वायरिंगमध्येच आहे काहीतरी, वेळ लागेल.

मी ठरवून खोटं बोललो नव्हतो. पण बोलल्यावर ते परतही घेतलं नाही. रस्त्यावरचे ट्रक, धुकं, तिचं एकटीनं जाणं, या सगळ्याची मला काळजी होती हे खरं आहे. पण तेवढंच असतं तर मी तसं तिला सांगितलं असतं. खरी गोष्ट वेगळी होती. आमच्या घरात निर्णय तिचे, ओळखी तिच्या, गुंतागुंतीची सगळी कामं तिची. देवाने माझ्याकडे एक गाडी ठेवली होती. मी चाळीसच्या वेगाने का होईना, चालवणारा होतो आणि ती बाजूला बसणारी होती. ती उद्या त्या रस्त्यावरून एकटी सत्तरने जाऊ लागली असती तर मी या घरात नक्की कशाला आहे, हा प्रश्न मला स्वतःलाच विचारावा लागला असता. तो विचारायला मी घाबरलो. बायकोच्या सुजलेल्या पायापेक्षा मला तो प्रश्न मोठा वाटला, याची मला आजही लाज वाटते.

पुढचे तेरा दिवस मी गाडी दुरुस्त करत होतो. म्हणजे रोज संध्याकाळी बॉनेट उघडत होतो. तो एक बोल्ट सोडून बाकी सगळे बोल्ट मी खोलून परत कसले. वायरींवर चिकटपट्ट्या लावल्या, त्यांना चिठ्ठ्या बांधल्या, एका वहीत आकृती काढली. आकृती सुरेख आली. बायको शाळेतून यायची, पाय धुवायची, चहा करून एक कप माझ्यासाठी बॉनेटच्या कडेवर ठेवायची आणि प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून, डावा पाय लांब करून, मोबाइलचा उजेड धरायची. कुठे धरू, विचारायची. मी म्हणायचो, जरा डावीकडे. उजवीकडच्या कोपऱ्यात उजेड पडू नये याची मी फार काळजी घेतली.

समोरचे काका एकदा म्हणाले, की एखाद्या मिस्त्रीकडे नेऊन टाका एकदाची. मी उत्तर द्यायच्या आत बायकोच त्यांना म्हणाली, ते खूप मेहनत घेऊन राहिले. मी मान खाली घालून एक चांगला कसलेला बोल्ट सैल केला.

डिसेंबरातल्या एका शनिवारी ती दुपारी घरी आली. चपलेचा अंगठा तुटलेला, त्याला सुतळी बांधलेली. जेवली, थोडी पडली, मग बॅगेतून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, पाहून द्या.

स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज होता. संक्रांतीला अजून वेळ होता, पण कार्यालयात अर्ज पुढे सरकायला दिवस लागतात म्हणून तिने आधीच लिहून ठेवला होता. तिच्या शाळेतल्या सगळ्यांचे अर्ज माझ्या नजरेखालून जातात. लाल पेन घेऊन अर्ज सरळ करणं, हे माझं दुसरं कौशल्य. मी सवयीने पेनचं टोपण काढलं. विषय नीट होता. संदर्भ नीट होता. दुसऱ्या परिच्छेदात गुडघ्याचं दुखणं, प्रवासाची अडचण, सगळं मोजक्या शब्दांत. आणि त्याखाली तिच्या गोल, फळ्यावरच्या अक्षरात एक ओळ होती. "माझ्या पतीने त्यांच्या परीने शक्य ते सर्व प्रयत्न केले, तथापि सोय होऊ शकली नाही."

अर्जात या ओळीची काही गरज नव्हती. कार्यालयाला माझ्या प्रयत्नांशी काय देणंघेणं? तिने ती माझ्यासाठी लिहिली होती. उद्या कुणी विचारलं, की बायकोची नोकरी सुटली तेव्हा तू काय करत होतास, तर कागदावर माझं नाव स्वच्छ असावं म्हणून.

मी ती ओळ लाल पेनाने खोडली. काहून खोडली, तिने विचारलं. खोटी आहे म्हणून, मी म्हणालो. आणि मग सांगून टाकलं. नारळ, मुंग्या, मिस्त्री, त्याचा भुकेला बल्ब, दहा मिनिटांचं काम, तेरा दिवस, सगळं. आणि काहून केलं तेही, जसं वर लिहिलं तसंच.

तिने बोटांवर मोजलं, वर्गात मोजतात तसं. "दोन रविवार सोडले, तर अकरा दिवस मी फाट्यावरून पायी गेली," ती म्हणाली. मी हो म्हणालो.

"मले वाटे, तुमाले येत नाही," ती म्हणाली. "येत नाही याचा मले कधी राग नव्हता."

ती ओरडली असती तर मला सोसलं असतं. ती उठली, माझ्या अवजारांच्या डब्यातून दहाचा पाना घेतला, कधीकाळी दारं रंगवताना उरलेला पॉलिश पेपरचा तुकडा शोधून काढला आणि बाहेर गेली. कोणता बोल्ट, एवढंच विचारलं. मी दाखवला. मी करतो म्हणालो, ते तिने ऐकू आल्यासारखं दाखवलं नाही. बोल्ट खोलला, थर खरवडला, पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला. मुंग्या तिच्या मनगटावर चढल्या, त्या तिने दुसऱ्या हाताने झटकल्या. परत कसला. ग्रीस नव्हतं म्हणून घरातलं व्हॅसलीन लावलं. मिस्त्रीने दहा मिनिटं म्हटलं होतं, तिला तेवढीही लागली नसावीत. मी बाजूला उभा राहून स्टूल धरून होतो, आणि स्टुलावर कुणीच नव्हतं.

बसा आणि दांडी ओढा, ती म्हणाली. मी ओढली. नव्या पंपाने पाणी इतक्या जोरात फेकलं की ते काच ओलांडून थेट टपावर गेलं. हेडलाइट मंद झाला नाही. हॉर्न दाबला तर समोरचे काका पेपरसकट दचकले. एरवी ती हसली असती. तिने पदराची पिन काढली, नोझलची बारीक भोकं पिनेने खाली वळवली, आणि दुसऱ्या वेळेला पाणी बरोबर काचेच्या मधोमध पडलं. मग पिन परत पदराला लावून ती आत गेली.

सोमवारी ती एकटी गाडी घेऊन गेली. मी फाटक उघडायला उभा होतो. सावकाश जा, असं म्हणायचं मी कसंबसं टाळलं. गल्लीच्या वळणावर तिने इंडिकेटर दिला आणि दिसेनाशी झाली. मी सव्वाआठपर्यंत मोबाइल हातात धरून घरभर फिरलो. मग तिचा मेसेज आला, एकच शब्द होता, पोहोचली. कॉलेजला मी त्या दिवशी उशिरा गेलो.

ती माझ्याशी बोलत नव्हती असं नाही. भाजी काय आणायची, गॅसचा नंबर कधी लावायचा, सगळं बोलायची. पण मोबाइलचा उजेड धरताना जे बोलायची ते बंद झालं होतं. संक्रांतीला घरात आलेल्या सगळ्यांना तिळगूळ वाटून झाल्यावर अगदी शेवटी तिने माझ्या हातावर एक वडी ठेवली. उन्हाळ्यापर्यंत तिच्या गुडघ्याची सूज उतरली. तेव्हा कुठे एक दिवस तिने स्वतःहून मला शाळेतली एक गंमत सांगितली आणि मी ती गरजेपेक्षा जास्त हसून ऐकली.

या दसऱ्याला गाडीची पूजा तिने केली. नारळ फाटकाबाहेर, गाडीपासून चार हात लांब, दगडावर फोडला. बॉनेट बंदच होतं. पाणी तुळशीला गेलं आणि खोबरं किसायला माझ्याकडे आलं.

गेल्या रविवारी आम्ही तिच्या माहेरी निघालो. गाडी तिच्याकडे, मी डावीकडे. रस्ता अजून अर्धा खोदलेलाच आहे. एका डंपरने आमच्यावर चिखल उडवला आणि माझे दोन्ही पाय आपोआप ताठ झाले. तिने दांडी ओढली, पाणी आलं, वायपर फिरले, रस्ता दिसला. वेग तिने कमी केला नाही. माझ्या बाजूच्या खिडकीवरही शिंतोडे होते, ते पुसायला फडकं सापडेल म्हणून मी पुढचा खण उघडला. त्यात गाडीचे कागद होते, एक जादा फ्यूज होता, आणि चार घड्या घातलेला तो अर्ज होता. लाल पेनाने खोडलेल्या त्या ओळीसकट.

मी विचारलं, अजून काहून ठेवला हा?

"राहू द्या," ती समोर पाहत म्हणाली. "तो माझा बल्ब आहे. तुमी म्हणता ते खरं का, ते त्याले लावून पाहता येते."

मी अर्ज होता तसा घडी घालून परत ठेवला, खण बंद केला आणि दोन्ही पाय त्या नसलेल्या ब्रेकवरून काढून घेतले.